टेक्नोच्या रेकॉर्ड विकायच्या कशा?

प्रश्न: मी बर्लिनला असतो. पदरचे पैसे घालून माझ्या टेक्नोच्या (इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याच्या) बारा इंची रेकॉर्डच्या ३०० प्रती काढल्या. वितरकाने १०० नेल्या, विकल्यावर पैसे देणार म्हणाला. आठ महिने झाले, हिशेब नाही. उरलेली खोकी पलंगाखाली आहेत.

प्रतिसाद: आधी प्रती लेखी परत माग. मग पिशवी घेऊन दुकानं फिर. हार्ड वॅक्स हे रेकॉर्डचं दुकान बर्लिनचंच, १९८९चं, स्वतः वितरणही करतं.

प्रतिसाद: अमेरिकेत डेट्रॉइटला टेक्नो कलाकार माइक बँक्स वगैरेंनी सबमर्ज ही वितरण कंपनी काढली, म्हणजे कलाकारांचं वितरण कलाकारांच्याच हातात. तुम्ही चार लेबलं (रेकॉर्ड काढणारे) मिळून एकत्र पाठवा, टपालखर्च वाटला जाईल. बँडकॅम्पवरही (कलाकार थेट संगीत विकतात त्या वेबसाइटवर) ठेव.

प्रश्नकर्ता: पत्र टाकलं, दादा. शनिवारी वीस प्रती घेऊन निघतोय.