ओलं गोणपाट कोणाच्या हातात द्यायचं, नवशिक्याच्या की उस्तादाच्या?

लोकमान्यनगरची

अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघून गेल्या की दरवर्षी आठ-दहा मुलंमुली माझ्याकडे येतात. ताई, आग फिरवायला शिकव. कोणाला झांकीपुढच्या आखाड्याची बनेटी, म्हणजे दोन्ही टोकं पेटवून फिरवायची काठी, आवडलेली असते, तर कोणी रील बघून पोई, म्हणजे टोकाला वजन किंवा वात लावलेल्या फिरवायच्या दोऱ्या, मागवलेल्या असतात. मी सहा वर्षं पोई फिरवते, त्यातली चार आगीच्या. माझी शिकवायची रीत इथे इंदुरातच काही जणांना पटत नाही, म्हणून उघडपणे मांडते.

आधी तीन-चार महिने लांब मोज्यात टेनिसचा बॉल घालून सराव. त्याबद्दल कोणाचं दुमत नसावं. त्यानंतर मी लगेच आग देत नाही. निदान दहा वेळा दुसऱ्याच्या आगीपाशी, गरज पडली तर ती विझवायला, ओलं गोणपाट घेऊन उभं राहायचं, मगच स्वतःच्या वाती पेटवायच्या.

कारण सांगते. काही वर्षांपूर्वी एका घरगुती संगीताच्या कार्यक्रमात डावी पेटती पोई माझ्या कोपराभोवती गुंडाळली गेली. अंगात टेरीकॉटचा कुर्ता होता, ती माझी चूक. पण बाजूला उभ्या असलेल्या मुलाला पाच मिनिटं आधी टॉवेल देऊन कोणीतरी फक्त 'हे धर' म्हटलं होतं. त्याने गादीची धूळ झटकावी तसा तो टॉवेल माझ्या हातावर आपटला. प्रत्येक फटक्याबरोबर ज्वाळेला वारा मिळत गेला. कापड वितळून कातडीला चिकटलं. चार बोटं रुंदीचा डाग आजही आहे. आग झाकून, दाबून धरायची असते, चेहऱ्याकडून पायाकडे. हे त्याला आधी कोणी करून दाखवलंच नव्हतं. म्हणून माझ्याकडे प्रत्येक जण पहिल्यांदा हे शिकतो.

बनेटीवाले काका

ताई, हाताचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्याच गोष्टीतून मी नेमकं उलटं शिकलो असतो. तो मुलगा नवा होता म्हणूनच तुम्ही भाजलात ना? मग पुन्हा नव्याच्याच हातात गोणपाट का देता?

मी तीस वर्षं बनेटी फिरवतो आहे. आमच्या आखाड्यात गोणपाट खलिफाच्या, म्हणजे आखाड्याच्या उस्तादाच्या, हातात असतं, दुसऱ्या कोणाच्याच नाही. ज्याने स्वतः आग फिरवली आहे त्याला दोन क्षण आधी दिसतं की याचं मनगट थकलं, आता काठी खांद्यावर येणार. नव्याला ते आदळल्यावर कळतं. पोरगा कितीही गुणी असो, त्याची नजर ज्वाळेकडे असते. उस्तादाची नजर फिरवणाऱ्याच्या पायांकडे असते.

नव्यासाठी आमच्याकडे वेगळी पायरी आहे. कोरी काठी जमली की दोन्ही टोकांना चिंध्यांचे बोळे बांधून ते पाण्यात बुडवायचे आणि पांढरी बंडी घालून फिरवायचं. वजन तेवढंच, झोल तेवढाच. पाच मिनिटांनी बंडी बघायची. जिथे पाणी उडालं तिथे रॉकेल उडालं असतं. बंडी कोरी राहीपर्यंत काडी पेटत नाही. काहींना महिना लागतो, काहींना वर्ष.

लोकमान्यनगरची

काका, ओल्या बोळ्यांची युक्ती मी उद्यापासून घेणार. पोईलाही ती चालेल. वात बुडवल्यावर पिळून आणि रिकाम्या डब्यात झटकून जादा इंधन काढायचं, हे मी कानीकपाळी ओरडून सांगते, पण झटकणं पुरेसं झालं की नाही हे पांढऱ्या कपड्याइतकं स्वच्छ कोणीच सांगणार नाही.

गोणपाटाबाबत मात्र मी अजून ठाम आहे. खलिफा आखाड्यात असतो. ही मुलं शेवटी आखाड्यात फिरवणार नाहीत. ती कॉलेजच्या गॅदरिंगला, मित्राच्या फार्महाउसवर फिरवणार, आणि तिथे बाजूला उभा राहणारा त्यांच्यासारखाच कोणीतरी असणार. त्याला आत्ता, माझ्यासमोर शिकू दे.

रात्रपाळीतली सिस्टर

मी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काम करते. गोणपाट कोणाचं यावर तुम्ही भांडा, पण त्याआधी चार गोष्टी बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

तोंडात रॉकेल घेऊन फुंकर मारणं शिकवूच नका. बनेटी वेगळी, हे वेगळं. रॉकेल पातळ असतं. एक ठसका लागला की श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं आणि तिथे पसरतं. जंतूंशिवायचा न्यूमोनिया होतो. ताप, धाप, पुढे ऑक्सिजन. रॉकेल पोटात गेलंय म्हणून घरचे मीठपाणी पाजून उलटी काढतात, तेव्हा वर येताना ते पुन्हा फुप्फुसात जायची भीती असते. उलटी काढू नका, सरळ दवाखाना गाठा.

भाजलं तर नळाखाली धरा. साधं वाहतं पाणी, पूर्ण २० मिनिटं. दोन मिनिटांनी बरं वाटतं म्हणून लोक हात काढून घेतात, आतली कातडी तोवर गरमच असते. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काहीच नको, आम्हाला ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि रुग्ण ओरडतो. अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका, भोवतीचं कापा. चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा तळहातापेक्षा मोठी जागा असेल तर १०८ ला फोन करा.

आणि पाण्याची बादली जवळ नसेल तर त्या दिवशी वाती पेटवू नका. पण ती बादली भाजलेल्या हातासाठी आहे हे लक्षात ठेवा. पेटलेल्या इंधनाच्या डब्यात पाणी ओतलं तर जळतं तेल बाहेर पसरतं. डब्यावर झाकण सरकवायचं, आग तिथेच गुदमरते.

पोई_सोळा_आठवडे

माझं वय १९. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, माफ करा.

काका, आमच्या भागातल्या आखाड्यात मी विचारलं होतं. मुलींना घेत नाही म्हणाले. मग मला खलिफा कुठून मिळणार? ताई, तुमच्या दहा वेळा कधी पूर्ण होणार? तुम्ही महिन्यातून एकदाच पेटवता, म्हणजे जवळजवळ वर्ष. माझ्याबरोबर शिकणारे दोघं तेवढं थांबले नाहीत. एकाच्या गच्चीवर गेले. रॉकेल सहज मिळत नाही म्हणून मोटारसायकलमधलं पेट्रोल काढलं. मी गेले नाही, पण मला ते चुकीचं आहे हे माहीत होतं म्हणून नाही. मला फक्त भीती वाटली.

नियम एवढे लांब ठेवले की माणूस नियमाबाहेर जाऊनच शिकतो.

लोकमान्यनगरची

हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. त्या दोघांना आजच हे दाखव.

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणजे इंदूरच्या जानेवारीतल्या रात्रीही उघड्या डब्यातून ती निघतच असते. ती हवेपेक्षा जड, म्हणून गच्चीच्या फरशीवरून सरपटते आणि दहा पावलांवरच्या काडीपर्यंत पोचते. आग डब्यापर्यंत कशी आली हे कोणाला दिसतसुद्धा नाही. रॉकेलला पेटण्याजोगी वाफ सोडायला साधारण ३८ अंश लागतात, म्हणून ते बरं. पण काका, मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात तापलेल्या डब्यातलं रॉकेलही तेव्हा पहिल्यासारखं शांत राहत नाही. उन्हाळ्यात मी डबा दिवसभर घरात सावलीत ठेवते, पेटवते अंधार पडल्यावरच, आणि झाकणबंद डबा रिंगणापासून वीस फूट लांब. वात एकदा विझली की निवेपर्यंत पुन्हा बुडवायची नाही, गरम वातीवर रॉकेलचाही धूर होऊन भडका उडतो.

तुझ्या दहा वेळांच्या तक्रारीत तथ्य आहे. मी आकडा धरून बसले होते. तू दर रविवारी ये. दर वेळी आग पेटवूच असं नाही, पण गोणपाटाचा सराव आगीशिवायही होतो. एकाने पोईला लाल फडकं बांधून अंगाला लावायचं, दुसऱ्याने झाकायचं, दाबायचं, तीन मोजायचे. पन्नास वेळा कर. ते दहा आगींच्या बरोबरीचं धरीन.

मिलवाल्याचा नातू

वातीवर कोणी बोललं नाही. काका, चिंध्यांचा बोळा जळत जळत सुटतो आणि पेटलेले तुकडे उडतात. मी लहानपणी झांकीच्या गर्दीत असा तुकडा एका बाईच्या पदरावर पडताना पाहिला आहे. केव्हलार या आग सोसणाऱ्या धाग्याची पट्टी वितळत नाही, सुटून उडत नाही, महिनोन्‌महिने टिकते. महाग आहे, पण बनेटीच्या दोन टोकांना लागते किती? आणि परंपरेचंच म्हणाल तर पोई मूळची न्यूझीलंडच्या माओरींची, तिच्यात आग नव्हतीच. सामोआ बेटांवरच्या सुऱ्याच्या नाचातही आग नर्तक फ्रेडी लेतुलीने १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आणली. कला आधीची, आग मागाहून आलेली. आगीचं सामान बदललं तर कलेला काही होत नाही.

बनेटीवाले काका

बोळे आम्ही तारेने आवळून बांधतो, सहसा सुटत नाहीत. पण सहसा म्हणतोय, हेही खरं. पट्टी मागवून बघतो.

तोंडाने फुंकणं माझ्या तरुणपणी मीही केलं. सिस्टरबाई म्हणतात तसा ठसका लागून महिनाभर खोकत होतो. माझ्या पोरांना मी ते करू देत नाही.

गोणपाटावर मी हललेलो नाही. नव्याला शिकवा, जरूर शिकवा, फडक्यावर शिकवा. पण खरी आग पेटली की पहिलं गोणपाट जाणत्याच्या हातात, आणि नवा त्याच्या डाव्या हाताला, दुसरं गोणपाट घेऊन. दोघं. एकट्या नव्यावर कोणाचा जीव टाकायचा नाही.

आणि बेटा, त्या आखाड्याने तुला नाही म्हटलं ते मला आवडलं नाही. माझी पुतणी बनेटी फिरवते. येत्या रविवारी सकाळी सातला चिमणबाग मैदानावर आम्ही असतो. पांढरी सलवार-कमीज, सुती. केस बांधून ये. पोई घेऊन ये आणि पाण्याची बादलीही.

लोकमान्यनगरची

दोन गोणपाटं, जाणता पुढे. हे मी मान्य करते. रविवारी मीही येते.

पोई_सोळा_आठवडे

येते. गच्चीवरच्या दोघांनाही आणते, त्यातला एक तयार आहे. घरी गोणपाट नाही, आजीची जुनी सोलापुरी चादर चालेल का?

बनेटीवाले काका

सुती असेल तर चालेल. आधी एक धागा ओढून काडी लावून बघ. राख झाली तर घेऊन ये. गोळा होऊन थेंब पडला तर घरीच ठेव.