मॉनिटरिंग नीट चालतंय ना, मग अपडेटची घाई कशाला?

रात्रपाळी:
मनातलं बोलतो, पटलं नाही तर खुशाल झोडा. मॉनिटरिंग सर्व्हर (बाकीच्या मशीनवर नजर ठेवणारा) चालू असेल तर त्याला हात लावू नये आणि प्लगइनना, म्हणजे त्याला जोडलेल्या तपासणीच्या छोट्या स्क्रिप्टना, तर अजिबातच नाही. सिक्युरिटीवाले दर महिन्याला स्कॅनचा रिपोर्ट धाडतात, त्यात आपला सर्व्हर लाल, की साहेब म्हणतात टाका अपडेट, अर्ध्या तासाचं तर काम. मेन सॉफ्टवेअरचं असेलही हो अर्ध्या तासाचं, पण त्याच्या अंगावर सात-आठ वर्षांत ज्याने त्याने चिकटवलेली चाळीसेक स्क्रिप्टं आहेत त्यांचं काय?
मागच्या वर्षी केलं ना, ऑपरेटिंग सिस्टिमसकट. नव्या पायथनवर डिस्क तपासणारं एक प्लगइन आउटपुटच्या आधी कसलीतरी वॉर्निंग छापायला लागलं, डॅशबोर्डवर ती घाण दिसते म्हणून आमच्यातल्याच एकाने कमांडच्या शेवटी पाइप टाकून, म्हणजे आउटपुट पुढच्या कमांडला देऊन, ग्रेप या ओळी निवडणाऱ्या कमांडने ती ओळ गाळली. स्क्रीन एकदम स्वच्छ, सगळे खूश. तीन आठवड्यांनी रात्री पावणेतीनला डेटाबेस झोपला, डिस्क फुल. डॅशबोर्ड उघडतो तर ओळ लिहिलीय 'क्रिटिकल, डिस्क ९८ टक्के' आणि रंग हिरवागार! पाइप लावला की शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड, म्हणजे निकाल सांगणारा आकडा, देतं, ग्रेपला ओळ मिळाली म्हणून त्याने ० दिला, ० म्हणजे ओके. प्लगइन बिचारं २, म्हणजे क्रिटिकल, देऊन बोंबलत होतं, ऐकतंय कोण. आणि अलर्ट रंगावर जातो, मजकुरावर नाही. अपडेट केलं नसतं तर हे झालंच नसतं.

पॅचवाला:
हे म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. चूक त्या ग्रेपची, फाशी अपडेटला? पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर ते कळवणारी शेलची सेटिंग) सेट केलं असतं किंवा ती वॉर्निंग का येतेय हे बघितलं असतं तर प्रश्न मिटला होता.
तुमच्या मॉनिटरिंग सर्व्हरवर काय काय ठेवलंय ते जरा आठवा. सगळ्या नेटवर्क स्विचेसची एसएनएमपी स्ट्रिंग (पासवर्डसारखीच), डेटाबेसचे पासवर्ड, दूरून लॉगिन करायच्या एसएसएच की, आणि माहिती गोळा करणारे निम्मे एजंट रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून चालतायत. अख्ख्या घराच्या किल्ल्या एका खिळ्याला. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राफाना या डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरचं काय झालं होतं? ८.० पासून ८.३.० पर्यंतच्या व्हर्जनमध्ये प्लगइनच्या पत्त्यापुढे डॉट डॉट स्लॅश (म्हणजे एक फोल्डर वर जा) लावत गेलं की लॉगिन न करता सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या. आणि 'मी कुठलं प्लगइन टाकलंच नाही' म्हणून सुटका नाही, मुळात सोबत येणारी प्लगइनच पुरत होती. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये झॅबिक्स, तेही मॉनिटरिंगचंच सॉफ्टवेअर. सॅमल लॉगिन (एकाच खात्याने सगळीकडे शिरायची सोय) चालू असेल तर कुकीतलं नाव बदलून थेट अ‍ॅडमिन. कुंपणच शेत खातंय आणि तुम्ही म्हणता हात लावू नका.

जुनाखिळा:
पॅचवाले साहेब, २०२० सोयीस्कर विसरलात. सोलरविंड्स ओरायन. हेही मॉनिटरिंगच. त्या वर्षी मार्च ते जून मधल्या अपडेटमध्येच मागचं दार बसवलेलं, कंपनीच्या स्वतःच्या डिजिटल सहीनिशी, आणि अठरा हजारांपर्यंत ग्राहकांनी ते इमानदारीत उतरवून घेतलं. जे आळशी होते ते वाचले. रात्रपाळीशी मी सहमत आहे, निदान सहा महिने तरी थांबावं.

पॅचवाला:
सहा महिने थांबला असतात तरी फसलाच असता की, मार्चमधलं अपडेट सप्टेंबरमध्ये टाकलं असतंत, भांडं फुटलं डिसेंबरात. शिवाय ते मागचं दार दोनेक आठवडे गप्प बसून मग बाहेर फोन लावत होतं, म्हणजे हल्लेखोरांच्या सर्व्हरशी संपर्क करत होतं. ज्यांचा मॉनिटरिंग सर्व्हर इंटरनेटवर जाऊच शकत नव्हता त्यांच्याकडे तो फोन लागलाच नाही. त्यातून घ्यायचं ते एवढंच की त्या सर्व्हरला बाहेरचा रस्ता बंद करा. अपडेट बंद करा असं त्यातून निघतच नाही.

जुनाखिळा:
रस्ता बंद केला तर अपडेट उतरवणार कुठून, ते पण सांगा 😄

पॅचवाला:
आतल्या मिरर सर्व्हरवरून, म्हणजे अपडेटची प्रत ठेवणाऱ्या आपल्याच सर्व्हरवरून. सगळे तसंच करतात हो.

जुनाखिळा:
सगळे म्हणजे ज्यांच्याकडे माणसं आहेत ते. आमच्याकडे दोघंजण आहोत, त्यातला एक कायम रजेवर.

पडद्यामागची:
तुम्ही सगळे मेन सॉफ्टवेअरवर भांडताय, पण खरी गोची अ‍ॅड-ऑनमध्ये आहे, कारण त्याला वालीच नसतो. मेन सॉफ्टवेअरचं निदान कॅलेंडर तरी असतं, झॅबिक्सची एलटीएस (दीर्घ सपोर्टवाली व्हर्जन) घेतलीत तर ५ वर्षं सपोर्ट, काय ते ठरवता येतं. प्लगइन मात्र कुणीतरी कुठल्यातरी शनिवारी लिहिलेलं, तो माणूस नोकरी सोडून गेला. आणि अपडेट केलं म्हणजे सगळं नवं झालं असंही नाही, झॅबिक्सचा सर्व्हर अपग्रेड केला तरी टेम्पलेट (काय काय तपासायचं त्याचे तयार साचे) आपोआप बदलत नाहीत, ती जुनीच राहतात, हे कित्येकांना माहीतच नसतं. ग्राफानामध्ये अँग्युलर या जुन्या वेब फ्रेमवर्कवर लिहिलेली जुनी पॅनल (डॅशबोर्डवरचे चार्ट) व्हर्जन ११ मध्ये डिफॉल्टनेच बंद झाली, १२ मध्ये तर तो आधारच काढला. सूचना आधीपासून देत होते, वाचतंय कोण. आमच्याकडे साहेबांचा आवडता गोल काटेवाला चार्ट गायब झाला तेव्हा कुठे धावपळ.
आम्ही आता अपग्रेडच्या आधी यादी काढतो, कुठलं प्लगइन कुणाचं. ज्याच्यापुढे नाव लिहायला कोणी तयार नाही ते सरळ काढून टाकायचं. पहिल्या खेपेला एकसष्टातले एकोणीस उडवले, एकानेही विचारलं नाही कुठे गेले म्हणून. आणि अपग्रेड झाल्यावर हिरवं बघून घरी जायचं नाही. टेस्टच्या होस्टवर सर्व्हिस मुद्दाम पाडायची, डिस्क खोट्या फाइलने भरायची, आणि ऑन-कॉलवाल्याचा फोन खरंच वाजेपर्यंत बसून राहायचं. रात्रपाळी, तुमचा तो ९८ टक्केवाला हिरवा त्याच दिवशी सापडला असता.

रात्रपाळी:
ताई, यादीचं पटलं. मुद्दाम पाडायचंही पटलं, पण वेळ कुठून आणू? हे काम कुठल्याच तिकिटात बसत नाही. अपडेटची तारीख मॅनेजर देतो, टेस्टिंगचे तास कोणी देत नाही, आणि डेटाबेस झोपला की मीटिंगमध्ये उभा मी. माझी भूमिका एवढीच बदलतो की मेन सॉफ्टवेअरचे सिक्युरिटी पॅच टाकीन, मोठी व्हर्जन उडी मात्र तास मिळाल्याशिवाय मारणार नाही.

पॅचवाला:
हे आधीच म्हणाला असतात तर मी एवढं टाइप केलं नसतं. लेखी मागा ते तास, नाही म्हणाले तर ते 'नाही' पण लेखी घ्या.

पडद्यामागची:
तो ग्रेपवाला पाइप काढलात का पण?

रात्रपाळी:
तेव्हाच काढला. तुमचं वाचून आत्ता सगळ्या कमांडमध्ये शोधलं, आणखी तीन सापडले. एकावर माझ्याच नावाची कॉमेंट आहे, 'तात्पुरतं'. चार वर्षांपूर्वीची.