‘गेट’चा अर्थ ‘मिळणे’ सांगितला की पुढं गाडी अडते

मिरजकर_मास्तर
इंग्रजीतलं जी-ई-टी ‘गेट’. दहावीच्या पोरांना ‘मिळणे’ सांगून भागत नाही. ‘इट इज गेटिंग डार्क’, ‘आय गेट इट’, ‘गेट ऑफ’, यात कुणाला काय मिळतंय? मूळ कुठलं, आणि शिकवायचं कसं?

कृष्णाकाठ
मूळ जुन्या नॉर्समधलं ‘गेता’, म्हणजे हाती लागणे, मिळवणे. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेला वसले, त्यांच्या भाषेतून आलं. ‘टेक’, ‘दे’, ‘एग’, ‘विंडो’ त्याच वाटेनं आलेले. इंग्रजीत याचं सख्खं भावंड होतं, पण ते ‘बिगेट’, ‘फरगेट’ अशा जोडशब्दांतच दिसायचं आणि त्यातल्या ‘ग’चा उच्चार ‘य’च्या जवळचा होता. आजचा कडक ‘ग’ ही नॉर्सची छाप. ‘फरगेट’ म्हणजे पकड सुटणे, म्हणून विसरणे. ‘आय गेट इट’सुद्धा पकडण्यातूनच आलंय. आपण नाही का, ‘ग्रहण’ म्हणजे धरणे आणि ‘ग्रहणशक्ती’ म्हणजे समज!
‘गॉटन’ हे जुनं रूप अमेरिकेत टिकलं, ब्रिटिश लोक ‘गॉट’वर आले. ‘फरगॉटन’ मात्र दोन्हीकडे. परीक्षेत ‘गॉट’च लिहायला सांगा.

अजिंक्यतारा_७
आधी पोरांना आपलं ‘लागणे’ दाखवा. भूक लागते, नोकरी लागते, आग लागते. सातारा स्टँडवर गाडी फलाटाला लागते, आणि तीच गाडी खंबाटकी घाटात एखाद्याला ‘लागते’. एका क्रियापदाचे इतके अर्थ आपण रोज पेलतो म्हटल्यावर ‘गेट’ची भीती जाते.
मग एकच सवय लावा: ‘गेट’च्या पुढं काय आलंय ते बघायचं. नाम असेल तर मिळणे किंवा आणणे. विशेषण असेल तर होणे. अंधाराला आपण ‘पडतो’ म्हणतो ती आपली गंमत. ठिकाण असेल तर पोचणे.
खरी चूक होते ती वस्तू आणि क्रियापदाचं तिसरं रूप आल्यावर. आपण ‘मी केस कापले’ म्हणतो, कापलेले असतात सलूनवाल्यानं. पोरं लिहितात ‘आय कट माय हेअर’, म्हणजे स्वतःच कात्री चालवली. हवं ‘आय गॉट माय हेअर कट’. घर बांधलं, डोळे तपासले, गाडी दुरुस्त केली, सगळीकडं हाच घोळ. मनात ‘करवून घेतलं’ बसत असेल तर ‘गेट’ घाला. माणसाचं नाव मधे आलं तर ‘टु’ सोडू नका: ‘आय गॉट द मेकॅनिक टु रिपेअर इट’. ‘हॅव’ वापरलं तर मात्र ‘टु’ नको.

विटा_व्हाया_तासगाव
‘गेट ऑफ’चं: ज्यात उभं राहता येतं त्या बस-रेल्वेला ‘ऑन-ऑफ’, मोटारीला ‘इन’ आणि ‘आऊट ऑफ’. रिक्षाही मोटारीच्या पंगतीत. ‘गेट डाऊन’ आपल्याकडं सर्रास चालतं, पण बाहेरच्या माणसाला ते खाली वाकायला सांगितल्यासारखं वाटतं.

मिरजकर_मास्तर
लागणेचा दाखला उद्याच फळ्यावर. आणि ‘मला उशीर झाला’ला ‘आय गॉट लेट’ चालेल?

अजिंक्यतारा_७
नको. माणसाला उशीर झाला तर ‘आय वॉज लेट’. बोलता बोलता रात्र झाली तर ‘इट गॉट लेट’.