चढाला इंजिन ओरडतंय, ट्रॅक्टर जाग्यावर. क्लच की गिअरबॉक्स?

भोगावतीकाठ
राम राम मंडळी. ट्रॅक्टर १९९८ चा, ३९ एचपी, डबल क्लचचा (एक प्लेट चाकांना, दुसरी मागच्या अवजाराला). चालवतो मी, पण मालक अजून वडीलच. महिनाभर झालं, फडातून भरलेली ट्रॉली पाणंदीला काढायची म्हटलं की चढाला इंजिनाचा आवाज चढतो आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. तेवढ्यात करपल्याचा वास. दहा मिनिटं थांबलं की परत ओढतो, दोन खेपा झाल्या की पुन्हा तेच. टोळीचा मुकादम तोंडावर काही बोलत नाही, पण परवा त्यानं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर लावून आमची ट्रॉली बाहेर काढली. सगळा फड बघत होता.

मिस्त्री म्हणतो आतले दात गेलेत, गिअरबॉक्स खोलायला लागंल. मला पटंना. रिकामा असला की सगळे गिअर गुमान पडतात. आणि एक. दिवाळीआधी गिअर टाकताना खरखर यायची, तेव्हा त्यानंच क्लचचा रॉड आवळून दिलेला. खरखर गेली. त्याचा काही संबंध असंल का?

शिरोळचा ऊसवाला
विकून टाका की राव. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

भोगावतीकाठ
हे आमच्या वडिलांसमोर येऊन बोला एकदा. चहा मी पाजतो.

जुना फिटर, उद्यमनगर
पाव्हणं, दात्यांचा गिअर घसरत नसतो. दातात दात बसला की फिरणार, नाहीतर मोडणार, नाहीतर सटकून न्यूट्रलला येणार. सटकला तर लिव्हर हाताला झटका देऊन मागं येतो, आणि ते बहुतेक एकाच गिअरला होतं. तिथं बॉल-स्प्रिंग नाहीतर फोर्क बघायचा. तुमचा लिव्हर जाग्यावर, इंजिन पळायलंय, चाक थांबलंय, वर वास. ही क्लच प्लेट. इंजिनच कमी पडत असतं तर आवाज बसला असता, धूर काळा झाला असता.

रॉडचा संबंध आहे, चांगलाच आहे. प्लेटचं लायनिंग, म्हणजे वरचा घासणारा थर, झिजत जाईल तशा प्रेशर प्लेटच्या फिंगर (प्लेट मोकळी करणाऱ्या पट्ट्या) त्यांना दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगकडं सरकतात आणि पेडलचा प्ले, म्हणजे मोकळी चाल, आपोआप कमी होतो. म्हणजे जुन्या क्लचचा रॉड अधूनमधून सैल करायचा असतो. तुमच्यात उलटं झालंय. प्ले शून्य झाला की बेअरिंग चोवीस तास फिंगरवर टेकून, क्लच कायम अर्धवट दाबलेला.

आज एवढं करा. इंजिन बंद करून पेडल बोटानं दाबा. जड लागायच्या आधी साधारण २० ते २५ मिलिमीटर मोकळं जायला पाहिजे. तुमच्या मॉडेलचं पुस्तक असंल तर त्यातला आकडा धरा. मग सपाट जागेवर, पुढं माणूस-जनावर नाही बघून, दोन्ही ब्रेक जोडून लॉक करा, वरचा गिअर टाका, रेस मध्यम ठेवा आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन तिथंच गप झालं तर क्लच धरतोय. सुरूच राहिलं तर घसरतोय, लगेच परत दाबा. हे एकदाच करायचं. पोरांना दाखवायला चार-चार वेळा केलं की उरलेली प्लेटपण जाती.

आणि रोटर (रोटाव्हेटर) मारताना काय होतं ते सांगा.

भोगावतीकाठ
केलं सगळं. प्ले नाहीच, बोट ठेवलं की जड. त्यात वडिलांची सवय, डावा पाय कायम पेडलवर. इंजिन बंद पडलं नाही, आरामात चालू. रोटरला मात्र गंमत होती, रोटर फिरत राहतो आणि ट्रॅक्टर उभा.

रॉड सैल करून स्टीलच्या पट्टीनं २२ मिलिमीटर प्ले सोडला. काल चार खेपा झाल्या, पाचवीला परत वास.

जुना फिटर, उद्यमनगर
रोटर फिरतोय म्हणजे पीटीओची (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची) प्लेट धरतीय, चाकांची मेन प्लेट गेली. प्ले देऊन पण घसरतोय म्हणजे लायनिंग संपलंय, जळून गुळगुळीत झालंय, नाहीतर तेल लागलंय.

गडहिंग्लजचा नांगरटवाला
तेलाचं खोलायच्या आधी कळतंय. क्लच हाउसिंगच्या बुडाला एक भोक असतं, बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरना त्यात स्प्लिट पिन लोंबकळत असती. ती हलत राहून भोक मोकळं ठेवायचं काम करती. आमच्या पोरानं एकदा "फालतू पिन" म्हणून काढून फेकलेली.

भोगावतीकाठ
खाली झोपून बघितलं. पिन होती, पण चिखलानं सिमेंटसारखी बसलेली. वायरनं टोकरली तर अंगठ्याएवढा चिखलाचा बूच निघाला आणि मागनं तेल. थेंब थेंब नव्हे, वाटीभर. काळंकुट्ट, बोटावर पातळ. गिअर ऑइलसारखं पिवळट नाही, तो उग्र वासपण नाही.

जुना फिटर, उद्यमनगर
इंजिन ऑइल. क्रँकचं मागचं सील गेलंय. आता ट्रॅक्टर फोडायलाच, म्हणजे मधनं वेगळा करायलाच लागतंय, पण गिअरबॉक्सपाशी नव्हे, क्लच हाउसिंगपाशी. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलनं धुऊन बसवायचं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तापली की लायनिंगातलं तेल परत वर येतं. प्लेट, रिलीज बेअरिंग, सील एकदमच बदला. फ्लायव्हीलवर निळे डाग असले तर लेथवर फेस करून घ्या, उद्यमनगरात करून मिळतंय.

फोडताना पुढच्या एक्सलवर दोन्हीकडं लाकडी पाचरी ठोका. विसरलात तर सुटलेलं इंजिन एक्सलच्या मधल्या पिनेवर एका अंगाला कलंडतं आणि हात मधी असतो. माझ्या करंगळीचं नख त्यातच गेलंय.

आणि ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडायची वाट, बघा. तुंबला असला तर क्रँककेसमधला दाब सीलातनं वाट काढतो, नवं सीलपण टिकायचं नाही.

भोगावतीकाठ
झालं काम. ब्रीदर मातीनं आणि तेलानं गच्च होता, धुऊन बसवला. प्लेटला रिव्हेट टेकायला आलेले, लायनिंग काळं आणि ओलं. मिस्त्री तोच, दात बघू म्हणाला नाही. प्लेट मधोमध बसवायचा डमी शाफ्ट त्याच्याकडं नव्हता, दुसरीकडनं आणला.

काल पाणंदीचा चढ दुसऱ्या लो गिअरला भरल्या ट्रॉलीसकट काढला. वडील बांधावर उभे होते, काही बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, पाय ठेवायला कुठं जागा आहे का त्या ट्रॅक्टरवर? मग फूटबोर्डावर डाव्या अंगाला एक पट्टी वेल्ड करून दिली.

जुनी प्लेट भंगारात टाकू का लायनिंग मारून ठेवू?

जुना फिटर, उद्यमनगर
मधल्या हबच्या दात्यात शाफ्ट घालून हलवून बघा. खडखडत नसंल आणि स्प्रिंगा घट्ट असतील तर लायनिंग मारून ठेवा. खडखडली तर भंगार.