सकाळी गुडघा बदला, संध्याकाळी घरी या. घर कुठं आहे ते तर विचारा!

केजवाला: काल इथं एकानं लिहिलं, अमेरिकेत गुडघा बदलून त्याच दिवशी घरी सोडतात, आपल्याकडंच खाटा अडवून बसायची खोड आहे. डोकं फिरलं वाचून. माझ्या आईला संभाजीनगरहून तिसऱ्या दिवशी आणलं. डांबर संपून वाडीचा रस्ता लागला की दर खड्ड्याला ती पदराचा बोळा दातात धरायची. रात्री अकराला पट्टी रक्तानं भिजली. दवाखान्याचा फोन वाजून वाजून बंद. तिसऱ्या दिवशी ही गत, तर पहिल्या रात्री काय केलं असतं आम्ही?

लातूर फिजिओ: तिकडंही सरसकट सगळ्यांना सोडत नाहीत. हृदय धड, शुगर आटोक्यात, घरी धडधाकट माणूस, असे पेशंट निवडतात. २०१८ पासून मेडिकेअरनं, म्हणजे तिकडच्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यानं, भरतीची अट काढली, तेव्हापासून हे वाढलं. मांडीतली नस बधिर करायची, रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड द्यायचं आणि दुपारी वॉकरवर उभं करायचं. लवकर चाललं तर पायात गुठळी व्हायची भीतीही कमी होते. आमच्याकडं नातेवाईकच म्हणतात, "झोपू द्या म्हातारीला."

जिंतूरकर: आधी विम्याचं बोला. चोवीस तास भरती नसेल तर बऱ्याच पॉलिसीत क्लेम अडतो. मामांचा असाच अडवला होता, चार महिने खेटे घातले.

नांदेडची ताई: विमा राहू द्या, बिलाचं बोला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा आणली, नेहमीचा कोबाल्ट-क्रोम धातूचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. सासूबाईंच्या बिलात सांधा तेवढ्यालाच होता. पण ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, 'कन्झ्युमेबल' म्हणजे वापरून टाकायचं सामान, खोली असं करत आकडा होता तिथंच.

जिंतूरकर: ओटी फुकट चालते का ताई? भूल देणाऱ्याची फी, निर्जंतुकीकरण, डिझेलवरचा जनरेटर?

नांदेडची ताई: फुकट नकोच. हातमोज्यांच्या किती जोड्या लागल्या ते विचारलं, तर काउंटरवरच्यानं वर मानही केली नाही. हिशोब मागणं गुन्हा आहे का?

जिंतूरकर: नाही. हिशोब मिळायलाच पाहिजे.

लातूर फिजिओ: मूळ मुद्द्यावर या की. केजवाले, घरी व्यायाम कोण घेत होतं?

केजवाला: कुणीच नाही. फिजिओ तालुक्याला, रिक्षाचे जाऊन-येऊन चारशे. बहिणीनं मोबाइलवर बघून घेतले. गुडघा अजून पूर्ण वाकत नाही. संडास देशी, म्हणून खुर्चीला भोक पाडून घेतलं सुताराकडून.

लातूर फिजिओ: मग चूक लवकर सोडण्याची नाही, मागं कुणी नसण्याची आहे.

केजवाला: तेच ओरडून सांगतोय! लातुरात दवाखान्याशेजारी राहणाऱ्याला सोडा संध्याकाळी, माझी ना नाही. वाडीतल्या बाईला सोडताना रात्री उचलला जाणारा एक नंबर आणि दुसऱ्या दिवशी दारात येणारी नर्स लिहून द्या. तोवर आईची खाट मी अडवणार.

लातूर फिजिओ: नंबरचं मान्य. नर्स कुठून आणायची ते मलाही सांगा, माझेच तीन पेशंट त्या रस्त्याला आहेत.