टारझनच्या दोऱ्या: जंगलाचा ॲनिमेशनपट रंगमंचावर आणताना काय सोडून द्यायचं?

विंगेतला

डिस्नेचा ‘टारझन’ हा ॲनिमेशनपट १९९९ सालचा. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, त्याचं म्युझिकल (गाण्यांचं नाटक) झालं, त्याचा शुभारंभ १० मे २००६ला आणि शेवटचा प्रयोग ८ जुलै २००७ला. ४८६ प्रयोगांत खेळ आटोपला. त्याच कंपनीचा ‘द लायन किंग’ १९९७ला लागला तो अजून उतरलेला नाही.

हा फरक नशिबाचा नाही, असं माझं ठाम मत आहे. ‘टारझन’ चित्रपटाचा जीव वेगात आहे. रंगवलेल्या जंगलात कॅमेरा आत शिरावा म्हणून त्यांनी खास तंत्र तयार केलं होतं. टारझन शेवाळलेल्या फांदीवरून अनवाणी घसरत सुटतो आणि आपणही त्याच्या मागे सुटतो. रंगमंचावर हेच करायला गेले आणि माणसं दोऱ्यांना टांगली. तारेवरच्या कुठल्याही उड्डाणात एक क्षण ठरलेला असतो: नट जागेवर थांबतो, कमरेला कडी अडकते, मग झेप. माझं लक्ष त्या कडीवर जातं आणि जंगल हातातून निसटतं.

‘लायन किंग’मध्ये दिग्दर्शिका जुली टेमॉरने चित्रपटाशी स्पर्धाच केली नाही. दुष्काळ दाखवायचाय ना? जमिनीवर निळं रेशीम पसरलेलं असतं. ते मधल्या भोकातून हळूहळू खाली ओढलं जातं. पाणी आटतं आणि सगळं प्रेक्षागृह ते आटताना बघत बसतं. सिंहिणी रडतात तेव्हा डोळ्यांतून लांब पांढऱ्या फिती ओढून काढतात. हे पडद्यावर करून दाखवा! माझं म्हणणं एवढंच, की जंगल रंगमंचावर आणायचं तर उडणं आधी सोडा.

तिसरी घंटा

साफ असहमत. तुम्ही ब्रॉडवेचा हिशोब मांडलात आणि पुढचं सोडून दिलंत. हेच नाटक २००७ला नेदरलँड्समध्ये लागलं, २००८च्या ऑक्टोबरात जर्मनीत हॅम्बुर्गला लागलं आणि तिथे २०१३ पर्यंत चाललं. दोऱ्याही त्याच, गोरिलाही तेच. दोऱ्यांनी नाटक पडतं म्हणता, तर मग पाच वर्षं लोक काय बघायला येत होते? डोक्यावरून गोरिला झोका घेत गेला की मोठी माणसंसुद्धा दचकून खाली वाकतात. तो वारा पडद्यावरून येत नाही.

आणि या नाटकाची सुरुवात विसरलात का? जहाज फुटतं, टारझनचे आईवडील पाण्याखाली तरंगतात आणि मग किनारा दिसतो तो थेट वरून, पक्ष्याला दिसावा तसा. म्हणजे मागची उभी भिंत हीच वाळू आणि त्या भिंतीवर ती दोघं पडलेली. तिथेच उठतात, चालायला लागतात. दिग्दर्शन आणि नेपथ्य दोन्ही बॉब क्राउलीचं. नेपथ्यकार दिग्दर्शक झाला की काय सुचू शकतं, ते इथे दिसतं. हे सगळं तारेवर आहे. तार काढली तर हा प्रवेशच उरत नाही.

सूरपेटी

दोघेही दोऱ्यांतच अडकलात. माझ्या मते घोळ गाण्यांत आहे.

चित्रपटात टारझन एकदाही गात नाही. गीतकार-गायक फिल कॉलिन्स बाहेरून गातो, आपल्या सूत्रधारासारखा. पाळणागीताच्या पहिल्या चार ओळी टारझनला वाढवणारी काला गोरिलीण म्हणते (आवाज ग्लेन क्लोजचा), की लगेच कॉलिन्स गाणं उचलतो. त्यामुळे पोर वाढत असताना गाणं वर्षांमागून वर्षं ओलांडून जाऊ शकतं. म्युझिकलमध्ये सूत्रधार गेला आणि गाणी पात्रांच्या तोंडी आली. चित्रपटात गाणी पाच, ती पुरेनात म्हणून कॉलिन्सकडून बरीच नवी लिहून घेतली. आता प्रत्येकजण थांबून आपल्या मनातलं सांगतो. गोरिलांचा म्होरक्या केर्चक, त्याच्यासारखा आतल्या आत कुढणारा बाप गाऊन मन मोकळं करायला लागला की त्याचा धाकच जातो. त्याचं न बोलणं हेच तर त्याचं दुःख होतं.

नेपथ्यवाला

सूरपेटी, याला एक शारीरिक बाजूही आहे. मी हार्नेसवर (तारेला लटकायला अंगाभोवती बांधतात त्या पट्ट्यांवर) लटकून गायलोय. पट्टा मांड्यांत आणि बरगड्यांखाली रुततो. पोटातून श्वास घ्यायला जावं तर पट्टाच आडवा येतो. लांब सूर धरताच येत नाही, ओळ मध्ये तोडावी लागते. मग दिग्दर्शक म्हणतो, आधी उड, मग उभा राहून गा. झालं, कथा दर पाच मिनिटांनी जमिनीवर येते. विंगेतला यांना जो थांबा खटकतो, तो बहुतेक इथून येतो.

पण गाणी काढून घ्या, हे मला पटत नाही. आपण माणूस आहोत हे कळल्यावर टारझन एकटा गातो, ते गाणं नाटकाला हवंच होतं. चित्रपटात तो बापाचा कोट घालून बाहेर येतो आणि कालाला नजरेनेच सगळं कळतं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ती नजर कशी दिसणार? त्याच्यासाठी आवाजच लागतो.

विंगेतला

तिसरी घंटा, किनाऱ्याचा प्रवेश मला मान्य. उडणं सोडाच, हे माझं वाक्य मी मागे घेतो. पण बघा, तिथे तार वेगासाठी नाहीच. तिथे तारेने आपली बसायची जागा बदलली, खुर्चीतल्या माणसाला आभाळात नेलं. चित्रपटाची नक्कल त्यात औषधालाही नाही. पुढचे झोके तसे नाहीत, हा माझा आक्षेप कायम आहे.

हॅम्बुर्गची पाच वर्षं मात्र मला नीट खोडता येत नाहीत.

तिसरी घंटा

खोडू नकाच. झोका हाही गोरिलाचा स्वभाव आहे, नुसती करामत नाही. नेपथ्यवाला, एक सांगा: झोका चालू असताना समूहाने गायचं आणि एकट्याचं गाणं जमिनीवर ठेवायचं, असं केलं तर श्वासाचा प्रश्न सुटेल का?

नेपथ्यवाला

बराचसा. समूहात श्वास आलटून पालटून घेता येतो, एकाचा तुटला तर दुसरा धरतो. फक्त ताल झोक्याच्या लांबीवरून ठरवावा लागेल. दोरी जितकी लांब तितका झोका संथ, आणि तो घाईने परत येत नाही. म्हणजे चाल बांधायच्या आधी संगीतकाराने दोऱ्या मोजायला हव्यात.