मोडक्या ट्रेनसेटमधून माथेरानचं वाफेचं इंजिन, स्केल आणि मोटरचं काय करू?

कळव्याचा_रेलवेडा
मंडळी मदत हवीये. मुलाच्या जुन्या ट्रेनसेटचं चार चाकांचं चॅसिस पडलंय, १६.५ एमएमच्या रुळांवर चालणारं, बॉडी कधीच तुटली. शिवाय रिमोटच्या गाडीतून काढलेली ३ व्होल्टची मोटर नि पाच-सहा प्लास्टिकचे गिअर. यातून माथेरानचं जुनं इंजिन करायचंय. पुठ्ठ्याची बॉडी १:८७ ने (खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढी) कापून बघितली तर नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, वाटतच नाही, रुळांवर आगपेटी ठेवल्यासारखी दिसते. आणि सेल लावला की गाडी टेबलाच्या टोकाला जाऊन थेट खाली. कुठे चुकतंय?

नौपाडा_नॅरोगेज
दादा स्केल चुकलंय. १६.५ एमएम गुणिले ८७ म्हणजे १४३५, तो स्टँडर्ड गेज झाला, म्हणजे मोठ्या गाड्यांच्या दोन रुळांमधलं अंतर. माथेरानचा गेज २ फूट, म्हणजे ६१० एमएम, त्याला १६.५ ने भाग, ३७ येतात. सरळ १:३५ धर, रुळांत एक एमएमचाही फरक पडत नाही आणि रणगाड्यांच्या किटमधली माणसं त्याच स्केलची मिळतात. आधी ४८ एमएमचा पुठ्ठ्याचा माणूस काप, त्याला कॅबमध्ये (ड्रायव्हरच्या खोलीत) उभा कर, मग दार-खिडक्या आख. नॅरोगेजची सगळी मजा त्यातच आहे, रूळ एवढेसे आणि इंजिन त्यांच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेलं. बॉयलरला वायरिंगचा २५ एमएमचा पीव्हीसी पाइप चालेल.

वाशी_सेक्टर१७
ती ३ व्होल्टची मोटर काढून टाका, ती पळण्यासाठीच बनवलेली असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एन२० गिअर मोटर (गिअर आधीच बसवलेली छोटी मोटर) मिळते, ६ व्होल्ट २०० आरपीएमची (मिनिटाला २०० फेरे) घ्या आणि एकाच लिथियम सेलवर चालवा. साधारण १२० आरपीएम मिळतील, चाक १२ एमएमचं असेल तर १:३५ मध्ये ताशी १० किमीच्या आसपास. खरी गाडीसुद्धा नेरळहून २१ किमी चढायला दोन तासांहून जास्त घेते म्हणजे हिशोब बरोबर बसतो. मोटर आडवी टाका, अ‍ॅक्सलला समांतर, १:३५ ची बॉडी रुंद असते त्यात मावते, आणि दोन सारख्या दातांचे गिअर लावा. मोटरचा दांडा ३ एमएमचा असतो, खेळण्यातल्या गिअरचं भोक लहान, ते हाताने हळूहळू मोठं करा. मी घाईत ड्रिल मारलं होतं, भोक तिरकं झालं आणि इंजिन प्रत्येक फेऱ्याला एकदा मान हलवायचं. गिअरजवळ सुपरग्लू अजिबात नको, दातांत ओघळतो, अ‍ॅराल्डाइट वापरा. वजन मात्र भरपूर हवं, टायरवाल्याकडून शिशाची बॅलन्सिंगची वेटं आणा आणि बरोबर चाकांच्या वर चिकटवा.

नौपाडा_नॅरोगेज
अजून एक, खरी ती ओरेनस्टाइन अँड कॉपेलची जर्मन इंजिनं सहा चाकांची. १९०७ ला लाइन सुरू झाली तेव्हापासूनची, पुढचा-मागचा अ‍ॅक्सल वळणावर फिरेल अशी रचना होती कारण घाटातली वळणं फार अरुंद. तुझ्या चॅसिसला चारच चाकं, तर मधलं चाक नुसतं दिसायला लाव, रुळापासून केसभर वर. नाहीतर वळणावर तेच गाडी उचलेल.

कळव्याचा_रेलवेडा
दोघांचे मनापासून आभार. रात्री ४८ एमएमचा माणूस कापला नि जुन्या कॅबशेजारी उभा केला, छप्पर त्याच्या कमरेपर्यंत येतंय!! आता सगळी बॉडी नव्याने कापतोय. चाक मोजलं, १२ च आहे. शनिवारी लॅमिंग्टन रोड, मोटर बसली की फोटो टाकतो.